पांढऱ्या काठीचं दुखणं

‘ऐकू येतं सगळं, पण आमचं कोणाला जात नाय.’

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात पावसाळ्यात वायरलेस दुरुस्तीच्या गाळ्यासमोर थोडा वेळ उभं राहिलं की हे वाक्य कानावर पडतंच. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. नौका ओढून, शाकारून ठेवलेल्या असतात. कुठे इंजिन उघडलेलं, कुठे जाळ्यांची डागडुजी, कुठे रंगाचे डबे. या धांदलीत शेवटी शेवटी कोणाला तरी आठवतं, की होळीपासून सेट नीट चालत नव्हता. मग एखाद्या खलाशाच्या खांद्यावरून आठ फुटांची पांढरी काठी, म्हणजे सेटची अँटेना, गाळ्यात येते. तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, निकाल बरोबर घेऊनच आलेला असतो. ‘मास्तर, काठी गेली. नवी मागवा.’

‘काठी गेली हे ठरवलं कोणी?’ मास्तर मान वर न करता विचारतात.

सगळं बंदर त्यांना मास्तर म्हणतं. नाव छापू नका, एवढीच त्यांची अट. टेबलावर डाख द्यायची बंदूक, कथलाची गुंडाळी, दोन मीटर आणि एक तेलकट डबा. डब्यात ट्रान्सफॉर्मरच्या तेलात बुडवलेले रेझिस्टन्स आहेत, सगळे मिळून बरोबर ५० ओहमचे. सेटमधून निघालेली सगळी शक्ती हा डबा गिळतो, हवेत काहीच जाऊ देत नाही. तो पुढे येईलच.

काठी हातात घेण्याआधी मास्तर तांडेलाची उलटतपासणी घेतात. लांबचं ऐकू येतं का? आधी जयगडच्या बाजूच्या बोटी ऐकू यायच्या, त्या अजून येतात का? की जवळच्याच येतात? हे प्रश्न वेळकाढू वाटतात, पण निम्मं निदान त्यातच असतं. अँटेनाला जाणारा आवाज आणि येणारा आवाज यात भेदभाव करता येत नाही. ती बिघडली तर बोलणं जेवढं तोकडं होतं, तेवढंच ऐकणंही होतं. फक्त ऐकण्यातली तूट चटकन कळत नाही. मैलभरावरच्या बोटीचा सिग्नल इतका दणदणीत असतो, की मोडक्या तारेवरही तो येतोच. तेव्हा लांबचे, क्षीण आवाज पूर्वीसारखेच येत असतील आणि फक्त आपलं पुढे जात नसेल, तर काठी निर्दोष समजायला हरकत नाही. दोष माइकमध्ये असेल, सेटच्या शेवटच्या टप्प्यात असेल किंवा, बहुतेक वेळा, बॅटरीच्या वायरमध्ये. पंचवीस वॅटचा सेट बोलताना पाच-सहा अँपिअर ओढतो, ऐकताना त्याचा किरकोळ हिस्सा. फ्यूजच्या घरात गंज असेल तर बटण दाबताच व्होल्टेज कोसळतं, सोडताच पूर्ववत होतं. मीटर लावून बटण न दाबता पाहिलं, तर बॅटरी ठणठणीत दिसते.

त्या दिवशी आलेल्या तांडेलाचं मात्र लांबचं ऐकणंही गेलेलं होतं. म्हणजे संशय वर सरकला, केबल आणि काठीकडे.

*

या काठीत असतं काय, हे बंदरातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे, कारण ती सहजासहजी उघडून पाहायची सोय नाही. दिसते ती फायबरची नळी, आणि नळीचं काम फक्त सांभाळण्याचं. काचतंतू आणि रेझिन यांचं हे मिश्रण गंजत नाही, वाऱ्यात लवतं पण मोडत नाही, आणि रेडिओलहरींना जवळजवळ आडवं येत नाही. खरी अँटेना आत असते, तांब्या-पितळेची.

नळीचा इतिहास मासेमारीच्याच घरातला आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी १८९७ साली विल्यम शेक्सपिअर नावाच्या गृहस्थाने गळाच्या दोरीचं रीळ बनवणारी कंपनी काढली. नाटककाराशी नातं फक्त नावाचं. १९४०च्या दशकात आर्थर हॉवल्ड या तंत्रज्ञाने काचतंतू रेझिनमध्ये बसवून गळाची काठी तयार केली, आणि तोवर बांबूच्या चिरफळ्या चिकटवून केल्या जाणाऱ्या काठ्या मागे पडल्या. ही काठी विकणाऱ्या शेक्सपिअर कंपनीने पुढे तेच तंत्र वापरून बोटींच्या अँटेना बनवायला घेतल्या. मासा ओढताना वाकणारी काठी आणि वादळात वाकणारी अँटेना यांची गरज एकच होती.

आतल्या तांब्याचं गणित याहून जुनं. समुद्रावरच्या बोलण्यात जगभर हाक मारायचा आणि संकटाचा चॅनल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. त्याची लहर १ मीटर ९१ सेंटिमीटर. साधी अँटेना अर्ध्या लहरीची, साधारण ९५ सेंटिमीटर. मग तारेची लांबी नुसती वाढवली तर आवाज जास्त लांब जाईल का? नाही जाणार. अर्ध्या लहरीपुढच्या तारेत विद्युतप्रवाह उलट दिशेने वाहतो, आणि वरचा भाग खालच्याने केलेलं पुसून टाकतो. मार्कोनी कंपनीतल्या चार्ल्स सॅम्युअल फ्रँकलिन या अभियंत्याने यावर तोड काढली. उलटा वाहणारा तुकडा दुमडून गप्प करायचा, म्हणजे उरलेले सगळे तुकडे एकाच सुरात चालतात, आणि आकाशात व खाली वाया जाणारी शक्ती क्षितिजाकडे दाबली जाते. याच फ्रँकलिनच्या अँटेना महाराष्ट्रातही उभ्या राहिल्या होत्या. १९२७ साली इंग्लंडशी थेट बिनतारी संदेशसेवा सुरू झाली, तेव्हा पाठवण्याचं केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि घेण्याचं दौंडला होतं. तिथे उंच मनोऱ्यांमधून लोंबणाऱ्या तारांत जी युक्ती होती, तीच आज मिरकरवाड्याच्या आठ फुटी काठीत आहे.

काठीच्या आत ही युक्ती निरनिराळ्या पद्धतीने केलेली असते. कुठे पितळी नळ्या आणि त्यांच्या मधे तारेची वेटोळी, कुठे नुसती दुमडलेली तार. एक प्रकार घरगुती बनवणाऱ्यांचा लाडका आहे. केबलचेच अर्ध्या लहरीचे तुकडे कापायचे आणि एकाची आतली तार दुसऱ्याच्या बाहेरच्या जाळीला, असे आलटून पालटून जोडत जायचे. केबलमध्ये लहर हवेपेक्षा हळू चालते, साध्या पॉलिथिनच्या केबलमध्ये ६६ टक्के वेगाने, म्हणून तुकडा ९५ऐवजी ६३ सेंटिमीटरचा. प्रकार कोणताही असो, डाखाचे सांधे आले. आणि डिझेल इंजिनावर महिनोन्महिने थरथरणाऱ्या बोटीत प्रत्येक सांधा कधी ना कधी सुटायला बघतोच.

*

आता तो मीटर, ज्याच्यावर अर्ध्या बंदराचा विश्वास आहे आणि ज्याच्यामुळे अर्ध्या काठ्या नाहक फेकल्या किंवा नाहक ठेवल्या जातात.

एसडब्ल्यूआर मीटर सेट आणि केबलच्या मधे लागतो. वर गेलेल्या शक्तीतली किती परत येते, हे तो सांगतो. आकडा १ म्हणजे काहीच परत येत नाही. दीडला ४ टक्के परत येते, दोनला ११ टक्के, तीनला २५. दोन दिसला की लोक घाबरतात, पण ८९ टक्के वर जात असेल तर समोरच्याला फरक कळणारही नाही. तीनच्या पुढे मात्र बरेच सेट स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून शक्ती कमी करतात.

इथवर ठीक. गोची पुढे आहे. मीटरला फक्त परत आलेलं दिसतं. जे परत आलं नाही ते हवेत गेलं की केबलमध्येच तापून विरलं, हे त्याला कळत नाही. मास्तरांचा तेलाचा डबा मीटरला लावा. काटा एकवर, बोट ठेवायला जागा नाही. आणि हवेत एक शब्दही गेलेला नसतो.

जुनी केबल नेमकं हेच करते. आरजी-५८ ही बोटीवर सर्रास दिसणारी बारीक केबल. नवी कोरी असतानाही या फ्रिक्वेन्सीवर तिच्या वीस मीटरमध्ये सुमारे ४ डेसिबल जातात. सेटमधून २५ वॅट निघाले तर वर १० पोचतात. समजा काठी आतून पूर्ण तुटलेली आहे. दहाच्या दहा वॅट परत फिरतात, उतरताना पुन्हा तेवढीच गळती, आणि मीटरपाशी जेमतेम ४ वॅट पोचतात. मीटर सांगतो २.३. तांडेल म्हणतो, जरा जास्त आहे, चालेल. मेलेली काठी, आणि मीटर म्हणतो थोडी कणकण आहे.

केबलमध्ये खारं पाणी शिरलेलं असेल तर याहून वाईट. गळती ४ची ८ डेसिबल झाली, तर काठी जागेवर नसली तरी मीटर १.४ दाखवेल. उत्तम! वर पोचतात फक्त ४ वॅट, तेही काठी असेल तर. म्हणून वर्षावर्षाला आकडा सुधारत गेलेला दिसला, की मास्तर आधी केबल बदलायला सांगतात. मला स्वतःला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. यंत्राचा वाईट आकडा माणसाला शोधायला लावतो, चांगला आकडा शोध थांबवतो. आणि इथे चांगला आकडा हाच रोगाचं लक्षण असू शकतो.

यावर मास्तरांची परीक्षा बिनखर्चाची आहे. सेट एक वॅटवर ठेवायचा, चॅनल १६ सोडून रिकामा चॅनल घ्यायचा, आणि वरच्या टोकाला काठी सोडून टाकायची. आता मीटर बघायचा. केबल निरोगी असेल तर काटा उडालाच पाहिजे. काठी काढूनही काटा शांत असेल तर काठीकडे बघायचंच नाही, केबल टाकून द्यायची. मग तेलाचा डबा केबलच्या वरच्या टोकाला लावायचा आणि वॅटमीटरने दोन्हीकडची शक्ती मोजायची. फरक किती ते कळलं, की केबलचा हिशेब मिटला. काठीवर आरोप ठेवायचा तो यानंतर.

अलीकडे मास्तरांच्या टेबलावर हाताच्या पंजाएवढं एक यंत्र आलंय. नॅनोव्हीएनए. एका जपानी हौशी माणसाने मांडलेली रचना, आता चिनी कारखान्यांतून स्वस्तात मिळते. ते एकच आकडा न देता १४० ते १७० मेगाहर्ट्झची आख्खी रेघ काढतं. चांगल्या काठीची रेघ १५६च्या आसपास खोल दरी दाखवते. दरी खाली सरकून १५०ला गेली असेल तर नळीत पाणी किंवा बाहेर जाड रंगाचे थर. दरीच नसेल, सगळीकडे सारखंच बरं दिसत असेल, तर ती गळकी केबल. केबलमध्ये किती मीटरवर दोष आहे हेसुद्धा ते सांगतं. मास्तरांना ते आवडतं, पण तांडेलासमोर ते काट्याचाच मीटर लावतात. ‘काटा पडला की माणसाला पटतं. रेघ बघून कोण पैसे देतो?’

*

त्या दिवशीच्या काठीत दोष निघाला तो बुडाशी. तो तिथेच निघतो, दहातल्या सात-आठ वेळा, असं मास्तर म्हणतात. हा त्यांचा अंदाज, गणना नव्हे. आठ फुटी काठ्यांची केबल कारखान्यातच आत जोडलेली असते आणि पितळी किंवा स्टीलच्या बुडख्यातून बाहेर येते. बुडखा एक इंची, इंचाला चौदा आट्यांचा. बंदरात शिरताना, पुलाखालून जाताना काठी आडवी पाडतात, परत उभी करतात, आणि प्रत्येक वेळी केबल त्याच एका जागी वळते. बाहेरचं काळं आवरण शाबूत, आतली जाळी तुटलेली. हाताने हलवलं की मीटरचा काटा नाचतो.

दुसरी जागा म्हणजे कनेक्टर. पीएल-२५९ हा दिसायला दणकट, पण पाण्याला अजिबात न अडवणारा. त्यावर साधी काळी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळलेली असते, उन्हात तिचा डिंक वितळलेला. आत तांबं कळकलेलं, हिरवं. पाणी जाळीच्या बारीक तारांमधून वातीतल्या तेलासारखं वर चढत जातं, आणि केबल वीतभर कापावी तरी काळीच निघते. काळी जाळी डाख धरत नाही. घासून, फ्लक्स लावून धरवली, तर तो डाख कच्चा. लख्ख तांबं लागेपर्यंत कापत जायचं, नाही लागलं तर केबल नवी.

जोडल्यावर वर काय लावायचं, यावर बंदरात दोन पंथ आहेत. एक पंथ सिलिकॉनवाला. दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ सिलिकॉनना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो ॲसेटिक आम्लाचा असतो आणि तांबं खातो. म्हणजे पाणी बाहेर ठेवून आम्ल आत कोंडायचं. दुसरा पंथ स्वतःतच एकजीव होणाऱ्या रबरी टेपचा. ही टेप ताणून, निम्मी-निम्मी चढवत गुंडाळायची, खालून वर, म्हणजे पाणी सांध्यावरून घसरतं. वर उन्हापासून वाचवायला साध्या टेपचा एक थर. आणि केबल खांबावरून केबिनमध्ये शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, पाण्याचा थेंब तिथेच गळून पडतो. मी दुसऱ्या पंथाचा झालो आहे.

*

बुडख्यातला दोष नसता, तर काठीकडे वळावं लागलं असतं. आधी कातडीकडे.

पाच-सहा वर्षं कोकणच्या उन्हात उभ्या असलेल्या काठीवरून उघडा हात फिरवू नये. रेझिनचा वरचा थर ऊन खातं, आणि आतले काचतंतू मोकळे होऊन लवेसारखे उभे राहतात. तळहातात बारीक कुसळं घुसतात, दिसत नाहीत, दोन दिवस खाजतात. खलाशी म्हणतात काठीला खाजकुयली लागली. दुखणं नुसतं हाताचं नाही. उघड्या तंतूंमधून पाणी आत झिरपतं, आणि खाऱ्या ओलाव्याचा थर काठीभर बसून राहतो. कोरड्या दिवशी ठीक, सकाळच्या दवात बिघडलेली, अशी काठी असेल तर आधी ही कातडी बघायची.

इलाज स्वस्त आहे. हातमोजे, तोंडावर मास्क, गोड्या पाण्याने धुणं, आणि ३२०-४०० नंबरच्या पाणकागदाने ओलं घासणं. कोरडं घासलं तर काचेची धूळ छातीत जाते. वाळल्यावर पॉलियुरेथेनचे दोन पातळ हात, पारदर्शक किंवा पांढरे. रुपेरी रंग नको, त्यात ॲल्युमिनियमची पूड असते. काळाही टाळलेला बरा, काळ्या रंगांत कार्बन असतो. पिढ्यान्‌पिढ्या बोट रंगवणाऱ्यांच्या हाताला जाड थराची सवय आहे, आणि इथे तीच नडते.

नळीला चीर गेली असेल तर कोकणात आता अडत नाही. फायबरच्या होड्या बांधणाऱ्यांकडे मॅट, कापड, रेझिन सगळं असतं. फक्त ते सवयीने पॉलिएस्टर रेझिन काढतात, आणि जुन्या, कडक झालेल्या नळीवर ते मनापासून चिकटत नाही. इथे इपॉक्सी हवं. चिरेच्या दोन्ही बाजूंना वीतभर घासून, काचेच्या कापडाची पट्टी भिजवून गुंडाळायची. एका हुशार माणसाने मजबुतीसाठी कार्बन फायबरची पट्टी गुंडाळल्याचा किस्सा मास्तर रंगवून सांगतात. काठी पोलादासारखी झाली आणि मुकी झाली. कार्बन वीज वाहतो. अँटेना डब्यात बंद करून ठेवल्यासारखं झालं.

*

उघडणं हा शेवटचा उपाय. नवी मागवायची नसेल तर तांडेलांना तोच पहिला हवा असतो, कारण त्यात काहीतरी केल्यासारखं वाटतं.

त्याआधी ओहममीटर. केबलच्या टोकाला आतली तार आणि बाहेरची जाळी यांच्यात मोजायचं. शून्य आलं की शिकाऊ माणूस शॉर्ट म्हणून ओरडतो. पण कित्येक काठ्यांत बुडाशी जुळवणीची वेटोळी असते, आणि ती एकदिश प्रवाहाला शॉर्टच दिसते. रेडिओच्या फ्रिक्वेन्सीला ती तशी दिसत नाही. दुसऱ्या जातीच्या काठीत काहीच जोडलेलं नसतं, मीटर अनंत दाखवतो, आणि तेही बरोबर. म्हणजे आकडा एकटा निरुपयोगी. त्याच जातीची चालती काठी काय दाखवते ते माहीत हवं. मास्तरांच्या वहीत प्रत्येक जातीच्या निरोगी काठीचे आकडे लिहिलेले आहेत. गाळ्यातली सगळ्यात मोलाची वस्तू ती वही, यंत्रं नाहीत. शून्यही नाही आणि अनंतही नाही, मधलाच काही हजार ओहमचा डळमळता आकडा आला तर मात्र कोणत्याही जातीत अर्थ एकच. आत पाणी आहे.

पाणी येतं कुठून? वरच्या टोपीच्या सांध्यातून, आणि हवेतूनही. नळी रात्री गार होते, आत दमट हवेचं पाणी होतं. म्हणून बनवणारे बुडाशी एक बारीक भोक ठेवतात. कोणीतरी काळजीवाहू माणूस ते भोक बघतो, म्हणतो इथून पाणी जात असेल, आणि लुकण भरून बुजवतो. मग दोन पावसाळ्यांचं पाणी आत उभं राहतं. भोक मोकळं करताच धार लागलेली मी पाहिली आहे. तशी काठी आठवडाभर उन्हात उलटी टांगली की कित्येकदा पुन्हा बोलू लागते, बाकी काही न करता.

एवढं करूनही मुकीच राहिली, तर बुडखा तापवायचा. ज्योतीने नाही, रेझिन पेट घेतं. गरम हवेच्या बंदुकीने धातूचा बुडखा सावकाश तापवला की आतलं इपॉक्सी मऊ पडतं आणि बुडखा पिळून निघतो. त्यामागून आतली अँटेना ओढली तर येते. नाही आली तर नळी फोमने भरलेली आहे असं समजून हात जोडायचे. फोम भरलेली काठी उघडणं म्हणजे ती मोडणं, तिथे नवीच घ्यावी. या एका बाबतीत तांडेल बरोबर असतो.

आली, तर कशालाही डाख लावण्याआधी टेबलावर आडवी ठेवून फूटपट्टीसह फोटो. प्रत्येक तुकड्याची लांबी, प्रत्येक वेटोळ्याचे फेरे, कुठलं टोक कुठे. मग एकेक सांधा भिंगाखाली. सुटलेला सांधा कधी सरळ दिसतो, कधी डाखाभोवती केसाएवढी गोल चीर असते. वरचा सांधा सुटला असेल तर खालचा तुकडा काम करत राहतो, आणि काठी मरत नाही, अर्धवट जगते. मीटर थोडासाच हलतो, पण क्षितिजाकडे दाबलेला झोत विस्कटतो. अशी काठी बंदरात उत्तम बोलते, दर्यात नाही.

डाख नवा दिला, की इथे एक खोच आहे आणि ती पुस्तकी माणसाला चकवते. आतली अँटेना उघड्यावर टेबलावर तपासून अगदी बरोबर जुळवली, आणि नळीत घातली, की ती बिघडते. काचतंतूंच्या नळीमुळे लहर किंचित मंदावते आणि तार लांब झाल्यासारखी वागते. दरी दोनतीन मेगाहर्ट्झ खाली सरकते. म्हणून जुळवणी नळीत घालूनच करायची, किंवा उघड्यावर मुद्दाम वर ठेवायची. नळी बदलली, जाड भिंतीची आणली, तर पुन्हा सगळा हिशेब.

*

काठी, केबल, सेट सगळं नीट असूनही ऐकू न येण्याचं एक नवं कारण आहे. एलईडी दिवे. मासे गोळा करायला वापरायचे प्रखर एलईडी केंद्र सरकारने २०१७ सालीच बंद केलेत, आणि त्यावरून किनाऱ्यावर काय चाललंय ते इथे लिहायचा विषय नाही. पण डेकवरचे, केबिनमधले स्वस्त एलईडीही नेमक्या याच फ्रिक्वेन्सीवर कचरा फेकतात. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ साली तसा इशाराच काढला होता. तपासणी सोपी. रिकाम्या चॅनलवर स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबायचं बटण, फिरवून खरखर जेमतेम बंद होईल तिथे ठेवायचं आणि एकेक दिवा लावायचा. खरखर परत आली, की तो दिवा चोर.

आणि काठी लावायची कुठे? शक्य तितकी उंच, लोखंडी खांब आणि तणाव्याच्या तारांपासून निदान हात-दोन हात दूर. या लहरी जवळजवळ सरळ जातात, पृथ्वीच्या गोलाईपलीकडे फारशा वळत नाहीत. पाच मीटर उंचीवरच्या काठीचं रेडिओ-क्षितिज नऊ किलोमीटरवर. दोन्ही बोटींवर तेवढीच उंची असेल तर अठरा. उंची आठ मीटर केली तर तेवीस. लोक त्याऐवजी जास्त डेसिबलची, चौदा फुटांची काठी मागतात. ती झोत इतका चपटा करते, की छोटी होडी डुलली की एकदा आवाज पाण्यात, एकदा आभाळात. मोठ्या ट्रॉलरला ती ठीक. होडीला तीन फुटांची बुटकी बरी.

३० ऑगस्ट २०२४ला पालघरमध्ये मासेमारी नौकांच्या उपग्रह-ट्रान्सपाँडरची देशव्यापी योजना जाहीरपणे सुरू झाली. एक लाख नौकांवर ते बसवायचे आहेत. मोबाइलच्या पल्ल्याबाहेरून संकटाचा संदेश पाठवता यावा, हवामानाचा इशारा मिळावा, हे त्याचं काम, आणि ते व्हायलाच हवं. मी मास्तरांना विचारलं, मग तुमच्या काठ्यांचं काय? त्यांनी तांडेलाकडे हात केला. तांडेल म्हणाला, ‘जाळं सोडलंय, अंगावर येऊ नको, हे बाजूच्या बोटीला उपग्रहातून सांगू?’

त्याची काठी तोवर तयार झाली होती. बुडख्यापाशी केबल नवी, सांध्यावर रबरी टेप, खालचं भोक तारेने मोकळं केलेलं. निघताना त्याने विचारलं, भर दर्यात परत गेली तर? मास्तरांनी केबलचा एक उरलेला तुकडा घेतला. एका टोकाला कनेक्टर बसवला. दुसऱ्या टोकाचं बाहेरचं आवरण ४६ सेंटिमीटर सोललं, जाळी न कापता मोज्यासारखी उलटी करून केबलवर खाली ओढली, आणि आतली तार तिच्या पांढऱ्या आवरणासकट सरळ वर ठेवली. वरची तार पाव लहर, खालची जाळी पाव लहर. बांबूला बांधून जमेल तितकी उंच करायची, लोखंडाला टेकवायची नाही.

‘याचे किती?’

‘केबल तुझीच होती,’ मास्तर म्हणाले, आणि पुढची काठी टेबलावर घेतली.